शेवटचं उघडलं: बाबा

सेव्ह करणं ही भित्र्या माणसाची सवय आहे, असं योगेंद्रचं ठाम मत होतं. आणि मत ठाम असलं की योगेंद्रला ते मांडायला चहाची टपरीसुद्धा पुरायची!

"श्वास घेताना आपण विचारतो का, घेऊ का म्हणून?" तो म्हणायचा. "मग खेळातच का? सेव्ह करू का, कुठे करू, जुनं पुसू का... खेळणारा माणूस राज्य करायला आलाय की तलाठ्याकडे आलाय?"

ऐकणारे दोघंच. एक सुषमा, जी खेळातली माणसं आणि झाडं काढायची. दुसरे धर्मेंद्रभाई, म्हणजे मालक. मूळचे अमरेली जिल्ह्यातले, मराठी मात्र गिरणीतल्या खानदेशी कामगारांकडून शिकलेले, त्यामुळे त्यांची भाषा म्हणजे उंधियू, सगळं एकाच हंडीत. सुरतेत अमरोलीला एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यावरची खोली हे त्यांचं ऑफिस. खाली मशीनं सुरू झाली की वर टेबलावरचा चहाचा कप आपोआप चालायला लागायचा. कालपरवापर्यंत इथे साड्यांचे कॅटलॉग व्हायचे. एकाच बाईचा फोटो, तेच हसू, अंगावरची साडी फक्त बदलायची. त्या बाईच्या खांद्यावर पदर बसवून बसवून योगेंद्रला ती स्वप्नातही हसताना दिसायची. त्यातून सुटका म्हणून हा खेळ आला होता. नाव 'गढी'. नदीकाठी एक गाव, मागे मातीची गढी, शेतं पेरायची, कोठारं भरायची, तटावर शिपाई ठेवायचे, लुटारू आले की गाव वाचवायचं. संगणकावर खेळा नाहीतर फोनवर.

त्यातलं सेव्ह आणि लोड योगेंद्रकडे होतं. आणि त्यानं काय सोय केली होती म्हणता! सेव्हचं बटणच काढून टाकलं. तुम्ही जे कराल ते त्याच क्षणी पक्कं. मागे जाणं नाही, दुसरी प्रत नाही. कुठल्याही फोनवर उघडा, गाव होतं तिथेच पुढे. दिवस संपवलात की खेळ स्वतःच आवरून मिटणार. आणि एकदा ओळखलेल्या फोनला पुन्हा कधी "तू कोण" विचारायचं नाही. खेळ उघडला की वर फक्त एक ओळ यायची, "शेवटचं उघडलं:" आणि पुढे त्या फोनचं किंवा संगणकाचं नाव. एका घरात दोघं खेळत असले तर भांडण नको म्हणून. कुठला फोन नको झाला, तर त्याच्या नावापुढे एक बारीक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, "विसरा".

"आ बधुं बराबर," धर्मेंद्रभाई म्हणाले, "पण हैदराबादवाल्या मॅडम शनिवारी येणार. खेळ त्या बाजारात आणणार. त्यांना सेव्हची खात्री पटली तर ठीक, नाहीतर त्या स्वतःचं तयार सेव्ह बसवणार. अने तू पाछो साडीमां!"

योगेंद्रला ती हसरी बाई आठवली. तो म्हणाला, "पटणारच!"

त्याची इतकी खात्री होती, कारण त्यानं सगळ्यात आधी हा खेळ आपल्या बाबांच्या फोनवर चालवून पाहिला होता. हिलालबाबांची उमर पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये गेली. शेवटच्या आजारपणात ते कोसाडच्या घरात पलंगावर पडून असत. फोन जुना, हलका. त्यावर चालला तर जगात कुठेही चालेल, असा हिशेब. बाबांना शोधाशोध नको म्हणून योगेंद्रनं खेळाचं चिन्ह फोनच्या अगदी मधोमध आणून ठेवलं होतं.

बाबा खेळायचे. पण कसे? शेतात माणसं लावली की जरा वेळानं "दिवस संपवा" दाबायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा दिवस संपवायचे.

"बाबा, असं गाव चालत नसतं!"

"दमले असतीन रे भाऊ," बाबा म्हणायचे. "घर जाऊ दे त्यास्ले."

थंडीत बाबा गेले. तेराव्याला त्यांचे कपडे, छत्री, असं सगळं आनंदामामा गावाकडे घेऊन गेला. योगेंद्र पुन्हा कामाला लागला. दाखवायचं म्हणून एक गाव त्यानं जिवापाड वाढवलं. हिरवी शेतं, भरलेली कोठारं, तटावर कडक शिपाई. एखाद्या मुलीच्या लग्नाची तयारी करावी तसं!

आणि मग एका सकाळी त्यानं ऑफिसात गाव उघडलं, तर शेतात कोणी नव्हतं.

तटावर कोणी नव्हतं. घरांची दारं उघडी. नांगर अर्ध्या सरीत सोडलेला. सगळं गाव, बायाबापड्या, शिपाई, गुराखी, मधल्या निंबाखाली गोळा होऊन उभं होतं. कोणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या.

"सुषमा, ही माणसं वर का बघतायत?"

"हाताला काम नसलं की ती वर बघतात. मीच तशी काढलीत." सुषमा खुर्ची सरकवत आली. "पण सगळी एकदम...? योगेंद्र, ही आपल्याकडे बघतायत!"

"काहीतरीच! चूक असेल कुठेतरी." त्यानं एकेकाला हाताला धरून शेतात पाठवलं, शिपाई तटावर चढवले. संध्याकाळपर्यंत गाव पुन्हा नांदतं झालं.

दुसऱ्या सकाळी गाव पुन्हा निंबाखाली!

आता मात्र त्यानं वरची ओळ वाचली. कालही ती तिथेच होती. पण स्वतःच लिहिलेल्या ओळी माणूस वाचतो कुठे?

"शेवटचं उघडलं: बाबा."

खालची मशीनं धडधडत होती. टेबलावरचा कप चालत चालत कडेला आला आणि खाली पडला. तिघांपैकी कोणीही तो धरला नाही.

धर्मेंद्रभाईंनी हातातला खाकरा खाली ठेवला. "आ बाबा एटले...?"

"माझे बाबा."

"जे डिसेंबरमां...?"

"हो."

धर्मेंद्रभाई जिन्यानं खाली गेले आणि लिंबू-मिरची घेऊन वर आले. ती त्यांनी मॉनिटरला बांधली. लिंबू बरोबर गढीच्या बुरुजावर लोंबायला लागलं.

योगेंद्र शिकलेला मुलगा. त्यानं स्वतःला समजावलं, की फोन कोणाच्या तरी हातात असणार. त्यानं मामाला फोन लावला.

"मामा, बाबांचा फोन तुमच्याकडेच आहे ना?"

"कोनता फोन?"

"तेराव्याला दिला ना, कपड्यांबरोबर?"

"माले सदरा भेटना न छत्री भेटनी," मामानं मिळालेलं मोजून सांगितलं. "छत्रीबी मोडेल! फोन कोनी दिधा?"

योगेंद्रनं झालं ते सांगितलं. 

"पोऱ्या," मामा म्हणाला, "भाऊजी बठ्ठा गाव गोळा करी राहिनात म्हनजे काहीतरी सांगानं शे त्यास्ले. तू इचार ना!"

"कसं विचारू, मामा? खेळ आहे तो!"

"मंग खेळमा इचार!"

विचारायचं कसं, ते काही मामानं सांगितलं नाही. मग योगेंद्रनं पत्ता काढला, बाबांचा फोन जोडला जातो तरी कुठून. उत्तर आलं ते त्यानं दोनदा वाचलं. फोन त्याच्या स्वतःच्या घरच्या इंटरनेटवरून जोडला जात होता! कोसाडहून. रोज सकाळी. तो घराबाहेर पडल्यावर.

त्या संध्याकाळी त्यानं कपाट उपसलं, पलंगाखाली घुसला, पत्र्याची पेटी उलटी केली. घरात माणसं दोनच, तो आणि माय. माय म्हणजे सुभद्राबाई, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

"काय धुंडी राहिना रे भाऊ?"

"बाबांचा फोन पाहिलास का कुठे?"

तव्यावरची भाकरी उलटत माय अगदी सहज म्हणाली, "त्यास्ना फोन त्यास्नाजोडे शे."

त्यांचा फोन त्यांच्याजवळ आहे! योगेंद्र पेटीच्या कडेवर बसला. म्हणजे मायनं तो बाबांबरोबर चितेतच... त्याला पुढे विचारवेना. त्यानं ताट तसंच सारलं. मायनं मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या. बाबा गेल्यापासून ती अर्धी भाकरी टाकून उठायची. हल्ली ती पोटभर जेवते, हे योगेंद्रच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

एक दिवस कामावर न जाता घरीच थांबून बघावं, हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. धाडस झालं नव्हतं.

ऑफिसात उपाय सुरू झाले. योगेंद्रनं पासवर्ड बदलला. उपयोग शून्य, कारण ओळखलेल्या फोनला पुन्हा विचारायचं नाही ही त्याचीच सोय! सुषमा म्हणाली, "त्या निंबाखालची जागाच काढून टाकू. तिथे तळं खोदू. उभं कुठे राहतील?" तळं खोदलं. सकाळी गाव उघडलं, तर सगळी माणसं त्या तळ्यात उभी होती! शिपाई कमरेएवढ्या पाण्यात, म्हाताऱ्या छातीएवढ्या, पोरांची नुसती तोंडं वर. आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडे. सुषमानं डोळ्यांवर ओढणी घेतली. "बुजव! आधी ते तळं बुजव!"

मग धर्मेंद्रभाईंच्या डोक्यात आलं की बाबांना देऊळ पाहिजे असणार. देऊळ बांधलं. सकाळी माणसं देवळाला पाठ करून उभी. म्हणजे देऊळ नको होतं! धर्मेंद्रभाईंनी मॉनिटरपुढे पेढे ठेवले. पेढे संध्याकाळी संपलेले दिसले. त्यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी सुषमानं कबूल केलं की तिला भूक लागली होती.

"आ बधुं छोड," धर्मेंद्रभाई घाम पुसत म्हणाले. "तूच बटण ठेवलं छे ना? दबाव ने!"

योगेंद्रनं यादी उघडली. त्यात नावं होती: ऑफिस, घर. आणि बाबा. त्या नावापुढे बारीक अक्षरात, "विसरा".

त्यानं बाण त्या बटणावर नेला. एकदा दाबलं की झालं. खात्री आहे का वगैरे काही विचारलं जाणार नव्हतं. खेळणाऱ्याला कशाला विचारायचं, हे त्याचंच म्हणणं.

बोट काही खाली जाईना.

"अरे दबाव!"

"दाबतो ना शेठ."

"शनिवार परमदिवशी छे!"

"दाबतो म्हटलं ना!" आणि त्यानं खेळच बंद केला.

शनिवार उजाडला. योगेंद्रनं मॅडमना दुपारची वेळ दिली होती. सकाळी जे काय व्हायचं ते होऊन जाईल, मग दुपारपर्यंत गाव पुन्हा मांडून ठेवता येईल. पण पार्वती मॅडमची गाडी वेळेवर आली! गाडी वेळेवर येईल हे कोणी धरलंच नव्हतं. मॅडम सकाळीच जिना चढून हजर. पन्नाशीच्या, केस आखूड, मूळच्या परभणीच्या.

"दुपारपर्यंत काय करू स्टेशनावर? म्हटलं चला, पोरं भेटतील. दाखवा."

योगेंद्रनं डोळे मिटून गाव उघडलं. एक डोळा किलकिला केला. शेतात माणसं होती! तटावर शिपाई! वरच्या ओळीत "ऑफिस"! आज बाबा आलेच नव्हते. त्याच्या अंगात एकदम दहा हत्तींचं बळ आलं.

"मॅडम, इथे सेव्ह नावाची कटकटच नाही! तुम्ही श्वास घेताना विचारता का..."

तो बोलत सुटला. मॅडम मान हलवत होत्या. धर्मेंद्रभाईंनी लिंबू-मिरची हळूच काढून खिशात टाकली. तेवढ्यात खाली धाग्याच्या रिळी बदलायला मशीनं थांबली आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

त्या शांततेत, शेतातल्या एका बाईनं विळा खाली टाकला.

मग तिच्या शेजारणीनं. मग नांगरकऱ्यानं बैल तिथेच सोडले. तटावरून शिपाई एकामागून एक उतरायला लागले. कोणी पळत नव्हतं. सगळी आपली चालत होती, गल्ल्यागल्ल्यांतून, दारं उघडी टाकून, निंबाकडे.

"कुठं चाललेत हे लोक?" मॅडमनी विचारलं.

 योगेंद्रचे दोन्ही हात मांडीवर होते. मॅडमनी ते पाहिले. सुषमाचे हात पाहिले, धर्मेंद्रभाईंचे पाहिले. संगणकाला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

"काय करायलेत, म्हणते मी?"

गाव निंबाखाली जमलं. माना वर झाल्या. मग दिवस संपला. एकेक दिवा विझला, नदी काळी झाली, आणि खेळ स्वतःच आवरून मिटला. मॅडमनी न विचारता माउस ओढून घेतला आणि खेळ पुन्हा उघडला.

"बाबा कोण?"

"एना पप्पा," धर्मेंद्रभाईंच्या तोंडून निघून गेलं. "ऑफ थई गया छे."

"कोण ऑफ झालंय, फोन?"

"नहीं मॅडम. पप्पा."

मॅडमनी पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. पाणी मागितलं. ते प्यायल्या. मग योगेंद्रकडे वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या घरातलं मला काही म्हणायचं नाही. माझा प्रश्न एकच. हे आत्ता जे झालं, ते उलटं फिरवता येतं का? पाच मिनिटांमागचं गाव मिळतं का?"

"नाही."

"म्हणजे गेलेल्या माणसानं केलेलं जिवंत माणसाला सुधारता येत नाही, असा खेळ आहे हा. कोण घेईल हो?" त्या उठल्या. "संध्याकाळी गाडी आहे माझी. तोवर एक तर ते नाव खेळातून काढा, नाहीतर दुसरी काही वाट दाखवा. नाहीतर आमचं सेव्ह बसेल."

दार बंद होताच धर्मेंद्रभाई ओरडले, "दबाव! मारा बाप, हवे तो दबाव!"

पण योगेंद्र उभा राहिला होता. त्याला एक गोष्ट आत्ता कळली होती. आज हे त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. म्हणजे या घडीला कोसाडच्या घरात बाबांचा फोन जागा होता.

"मी घरी जाऊन येतो," तो म्हणाला, आणि जिना उतरला कसा हे त्याला नंतर आठवेना.

रिक्षात पाचजण होते. सगळ्यांना वाटलं, याच्या घरी कोणीतरी सीरियस आहे. त्यांनी त्याला आधी उतरवलं.

दार नुसतं लोटलेलं. आत उदबत्तीचा वास. मायचे केस ओले होते.

"आज नळले पानी उशिरा उनं," ती म्हणाली. "आंघोय उशिरा, पूजा उशिरा. तू असा काय घामेघूम?"

योगेंद्र चपला काढून स्वयंपाकघरात गेला. भिंतीतल्या कोनाड्यात मायचा देव्हारा. पुढे छोटा पडदा. रोज तो उंबऱ्यावरूनच हात जोडून पळायचा. त्यानं पडदा सारला.

खंडोबाचा टाक होता, सप्तशृंगीची तसबीर होती. आणि मधोमध, तांब्याला टेकवून उभा केलेला, मागून चार्जरची वायर गेलेला, बाबांचा फोन! फोनच्या काचेवर बाबांचा फोटो. शेजारच्या लग्नात काढलेला, फेटा बांधून हसतानाचा. कपाळावर ओल्या अष्टगंधाचा टिळा, टिळ्यावर चार तांदूळ.

तांदळांखाली, बाबांच्या कपाळाच्या अगदी मधोमध, खेळाचं चिन्ह.

"माय, हे काय?"

"काय म्हनजे? त्यास्ना फोटू." माय पदरानं हात पुसत आली. "तू स्टुडिओतून करून आणला होतास तो तुला आठवतो का? स्टुडिओवाल्यानं त्यांना कोट घातला! टाय घातली! जल्मात कोट घातला का त्यांनी? मी रोज कोणाला टिळा लावायचा, त्या कोटवाल्याला? तो मी पेटीमागे ठेवला. हे कसे, आपले वाटतात."

"आणि... टिळा लावल्यावर काय होतं?"

मायनं त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग आवाज खाली आणून, जसं शेजारणीला ऐकू जाऊ नये तसं सांगितलं, "टिया लाया का त्या गावले जातस."

बाबा गावाला जातात! योगेंद्र तिथेच, ओल्या फरशीवर बसला.

"फोटो जातो अन् गाव दिसतं," माय सांगत होती. "मग मी तांदूळ लावते. काचेवर चिकटत नाहीत मेले, दाबून दाबून लावावे लागतात. तोवर सगळी माणसं गोळा होतात त्यांना भेटायला. म्हातारे, पोरं, सगळे. मग मी पायाशी हात लावते, की दिवे मालवतात, अन् हे परत येतात. रोज. तुला सांगणार होते. म्हटलं, तू शिकलेला, हसशील."

एकेक गोष्ट योगेंद्रच्या डोक्यात खटाखट बसत गेली. कपाळावरचं बोट म्हणजे खेळ उघडणं. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबलं की सगळ्या गावानं तिथे यायचं. लुटारू आले तर पटकन गोळा करता यावं म्हणून ही सोय त्यानंच केली होती! आणि तळाशी, जिथे बाबांचे पाय यायचे, तिथे "दिवस संपवा"चं बटण. सोयच सोय! मरणानंतरसुद्धा अडायला नको इतकी सोय!

त्याला हसू आलं. ते अर्ध्यात कुठेतरी अडकलं. त्यानं टिळ्यावर बोट ठेवलं. बाबा गेले आणि गाव उघडलं. काळोखातून दिवस उजाडला. निंबाखाली सगळी माणसं, वर बघत.

"दख," माय त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "कसा दखी राहिनात."

"माय," त्यानं धीर केला, "हे गाव खरं नाही. हा खेळ आहे. मी केलाय."

"मंग? माले म्हाइत नही का?" माय उलट त्याच्यावरच चिडली. "तू करेल शे म्हनीसन तर त्या जातस! परका गावमा कसाले जातीन?"

मुलानं केलेलं गाव म्हणून तर ते जातात, परक्याच्या गावात कशाला जातील?  योगेंद्रनं खिशातला फोन बघितला. धर्मेंद्रभाईंचे संदेश रांगेनं आले होते. दबाव्युं? दबाव्युं? दबाव्युं?

त्यानं फोन पालथा ठेवला. लॅपटॉप काढला आणि तिथेच, देव्हाऱ्याखाली, भिंतीला पाठ लावून बसला. मायनं न विचारता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आणून ठेवला. त्या दुपारी योगेंद्रनं कधी नव्हे ते काम केलं. ज्या जुनाट गोष्टीला तो टपरीवर हसायचा, तीच केली. खेळात खण केले. एका खणात एक गाव. त्यातलं बिघडलं तर दुसऱ्यातलं शाबूत. जुन्या दिवसाकडे परत जायची वाट. आणि काहीही पुसायच्या, टाकायच्या, विसरायच्या आधी एक चौकट: "खात्री आहे का?" नावीन्य म्हणाल तर औषधालाही नाही!

आपलं गाव त्यानं दोन खणांत ठेवलं. एकात माणसं पुन्हा शेतांवर पाठवली. दुसऱ्याला हात लावला नाही. त्यावर नाव लिहिलं, बाबा. आणि देव्हाऱ्यातला फोन त्या खणाला जोडून टाकला. "विसरा" बटण होतं तिथेच राहिलं.

संध्याकाळी पार्वती मॅडमनी पर्स मांडीवर ठेवूनच खेळ उघडला. मागे गेल्या, पुढे गेल्या. मुद्दाम कोठार जाळलं, कालचं गाव उघडलं, कोठार परत आलं. पुसायला गेल्या तर चौकट आली. त्यांनी "नाही" दाबलं आणि खुर्चीला टेकल्या.

"नवीन काय यात?"

"काहीच नाही मॅडम."

"मग चालतंय." त्यांनी चष्मा काढला. "राहू द्या तुमचंच." जाता जाता त्यांचा बाण दुसऱ्या खणावर घुटमळला. "हा उघडू का?"

"नको, मॅडम. ते आता झोपले असतील."

मॅडम लगबगीनं जिना उतरल्या.

योगेंद्र साडीतून वाचला. पण बाबांच्या गावाचं एक वेगळंच सुरू झालं. रोज सकाळी सगळे निंबाखाली, मग दिवस बंद. काम कोण करणार? कोठारातली ज्वारी संपत आली. एके दिवशी पूजा झाल्यावर माय म्हणाली, "ती काठीवाली म्हातारी आज दिसली नाही रे." योगेंद्रनं त्याच रात्री खण उघडून ज्वारी पेरली. तेव्हापासून ऑफिसातून आल्यावर हातपाय धुवायचे आणि बाबांच्या गावात पेरणी करायची, ही त्याची दुसरी पाळी झाली.

एका रविवारी लग्नाला गेला आणि पेरणी राहिली. सोमवारी संध्याकाळी खण उघडला, तर सगळं शिवार हिरवं! पाट काढलेले, बांध घातलेले, गुरांना चारासुद्धा. देव्हाऱ्यात समई शांत तेवत होती.  वरची ओळ वाचायच्या आधी योगेंद्रनं समईची वात सारखी केली. अखेर वाचली.

"शेवटचं उघडलं: ऑफिस."

त्यानं फोन लावला. "शेठ, बाबांच्या गावात तुम्ही...?"

पलीकडे खाकरा मोडल्याचा आवाज आला.

"लोक भूखे मरता हता," धर्मेंद्रभाई ओशाळून म्हणाले. "रोज जमून वर बघतात बिचारे. मारुं तो मन न मान्युं. दुपारे जरा बसलो. तारा पप्पाने कहेजे, वांधा नहीं, हुं छुं, मी आहे ना."

 योगेंद्रनं मायला हाक मारली आणि ते हिरवंगार शिवार दाखवलं. मायनं चष्मा लावला. फोन जवळ धरला, लांब धरला.

"ही ज्वारी नाही."

योगेंद्रनं नीट पाहिलं. भुईमुगाच्या मुलखातल्या, अमरेलीच्या माणसानं, बांधापासून नदीपर्यंत, एक वीतही जागा न सोडता, भुईमूग लावला होता.

"उपट ते बठ्ठं!" माय कडाडली. "शेंगास्नं पित्त व्हस त्यास्ले!"

योगेंद्र भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि एकेक रोप उपटायला लागला. मागच्या दिवसाकडे गेलं तर सकाळची पूजाही पुसली गेली असती, आणि अख्खं शेत एका झटक्यात रिकामं करायची सोय त्याच्या खेळात नव्हती.